सोळाव्या जागेवरचा सात

१

पट्टीच्या टोकाची एक जागा रिकामी होती आणि भिंगरी खोकत होती.

दोरीवरचे कपडे काढायला मी गॅलरीत गेले होते, तेवढाच काय तो वेळ. त्याआधी नेहमीप्रमाणे सगळी जमीन डोळ्यांखालून घातली होती. खुर्चीखाली पडलेला कपड्यांचा चिमटा उचलला, दारात आप्पांच्या चपलांना चिकटून आलेला लाकडाचा भुसा झाडून घेतला, आणि मगच लेकीला खाली सोडलं. भिंगरी रांगते कमी आणि गरगर फिरते जास्त, म्हणून हे नाव. हाताला लागेल ते तोंडात. म्हणून मी डोळ्यांत तेल घालून असते आणि म्हणून घरात सगळे मला हसतात.

परत आले तर ती बुटक्या स्टुलाजवळ बसली होती. धाकटे दीर घाईघाईने लाकडी पट्टीत काहीतरी सरकवत होते.

"काही नाही वहिनी, काही नाही! दोन अंक निघाले होते, लावले परत."

ती पट्टी म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, आप्पांचा, वर्षभराचा ध्यास. आप्पांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. त्याच शाळेच्या गणिताच्या खोलीत उद्या ही पट्टी लागायची होती. वर आणि खाली खाच, डावीकडून बंद, उजवीकडून उघडी. त्या खाचेत अंगठ्याच्या नखाएवढे शिसवी अंक एकामागून एक सरकवलेले. सगळे मिळून एकच संख्या, पंचवीस अंकांची.

मी मोजले. चोवीस भरले. पुन्हा मोजले, तरी चोवीसच. उजव्या टोकाला बरोबर एका अंकाची फट.

"भावोजी, पंचविसावा कुठाय?"

त्यांनी स्टुलाखाली पाहिलं, कपाटाखाली पाहिलं, मग भिंगरीकडे पाहिलं. ती पुन्हा खोकली.

मी तिला उचललं, पट्टी बगलेत धरली आणि दवाखान्याकडे धावले.

२

डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या छातीला नळी लावून इतका वेळ ऐकलं, की मीही श्वास धरून बसले. मग एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही.

"म्हणजे नाहीये ना काही?" मी विचारलं.

"लाकूड एक्स-रेत दिसेलच असं नाही. दोन्ही बाजूंना हवा नीट जातेय, ते चांगलं आहे. सर्दी होती का हिला?"

"कालपासून थोडी."

"मग खोकला सर्दीचा असेल. पण तुकडा श्वासनळीत असेल तर? ते मला नुसत्या कानाने शपथेवर सांगता येणार नाही." त्यांनी मी सोबत आणलेली पट्टी हातात घेतली, एका अंकावरून नख फिरवलं. "हिला इथेच आमच्या नजरेसमोर ठेवू. हरवलेला अंक आणून माझ्या हातात दिलात, तर तुम्ही घरी जायला मोकळ्या. नाही मिळाला तर दुपारी भूल देऊन दुर्बिणीने आत बघावं लागेल. तोपर्यंत दूध नाही, पाणी नाही, काही नाही."

भूल. एवढ्याशा जिवाला.

नवरा दौऱ्यावर. आप्पा आणि सासूबाई उद्याच्या पाहुण्यांना आणायला सकाळच्या बसने परगावी गेलेले, आणि दोघांत मिळून असलेला एकच मोबाईल नेहमीसारखा घरातच चार्जिंगला. ती संख्या पाठ असलेला घरातला एकुलता एक माणूस संध्याकाळपर्यंत हाती लागणार नव्हता.

मी एकच फोन केला. नणंदेला.

ताई विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करतात. कुणाचं गोदाम खरंच जळलं आणि कुणी जाळलं, हे त्या चहा पिता पिता काढून घेतात. घरात त्यांना सगळे फौजदार म्हणतात, तोंडावर आणि पाठीमागेही.

आल्या त्या हेल्मेट काखेत मारूनच.

"वहिनी, रडायचं नंतर. आधी सांग, त्या पट्टीला कोणाकोणाचा हात लागलाय?"

"आप्पांचा. भावोजींचा. आणि सुतारकाकांचा, अंक त्यांनीच कापलेत."

"आणि या बाईंचा," भिंगरीच्या गालाला बोट लावत फौजदार म्हणाल्या. "चार संशयित. पैकी एक बोलत नाही, एक बसमध्ये आहे. बोलाव त्या वादळाला."

३

वादळ म्हणजे धाकटे दीर. घर पालथं घालून, गुडघे धुळीने माखून आले होते.

"कुठ्ठेच नाही, ताई. सोफा उलटा केला, केरसुणीच्या काड्यासुद्धा मोजल्या..."

"ते राहू दे. पट्टी उंच खिळ्यावर होती. स्टुलावर कुणी आणली?"

दीर खाली बघायला लागले.

"अरे, बोल की! विम्याचे पैसे मागायला आलेले लोकसुद्धा तुझ्यापेक्षा बरं खोटं बोलतात."

"मीच. उद्या अनावरणाच्या वेळी पट्टीवर टाकायला आप्पांनी पडद्याचं कापड आणायला सांगितलं होतं. माप घ्यायला काढली, इतक्यात फोन आला. बोलत बोलत बाहेर गेलो. आलो तर..."

"उजवं टोक उघडं होतं?"

"हो. तिथे एक खुंटी असते ना, ती नव्हती. आप्पांनीच काढून ठेवली असेल."

"काढताना अंक मोजलेस?"

"छे! अंक कशाला मोजू? वितीने लांबी मोजली."

"हिच्या हातात काय होतं?"

"मुठीत एक आणि पायाशी एक. एक पाच होता, एक दोन. दोन्ही सरकवले पटकन."

"कुठल्या क्रमाने?"

"ताई, माझ्या हाताला लागले त्या क्रमाने! मला काय ती संख्या पाठ आहे?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, माझंच चुकलं. तुम्ही हवं ते बोला."

मला बोलायचं होतं, खूप. पण भिंगरी भुकेने कुरकुरायला लागली होती आणि तिचे पाय माझ्या मांडीवर थडाथडा आपटत होते, एक पांढऱ्या मोज्यातला, एक पिवळ्या. पिवळ्याचा जोडीदार कालपासून सापडत नव्हता. मला जोड नसलेली गोष्ट बघवत नाही. मोजा हरवला तेव्हाच खरं तर पाल चुकचुकायला हवी होती, असं काहीबाही मनात येत होतं.

"म्हणजे सरळ आहे," दीर कसंबसं म्हणाले. "टोकाचे तीन निघाले. दोन मिळाले. तिसरा..."

नर्सने येऊन हळू आवाजात विचारलं, "बाळाचं वजन किती? भुलीसाठी लागेल."

४

हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही. मी पट्टी मांडीवर घेतली.

मोबाईलवर ती संख्या टाकून पाहिली, काहीच आलं नाही. अर्थात. एक अंक कमी असलेली संख्या कोण ओळखणार?

पण आप्पा तिचा नियम सांगायचे. मी इस्त्री करत असायचे, ते भिंगरीचा पाळणा हलवत सांगायचे, कुणी ऐको न ऐको. "डावीकडून चालायचं. पहिल्या दोन अंकांना दोनाने भाग जातो, पहिल्या तिनांना तिनाने, पहिल्या चारांना चाराने. असं थेट पंचविसापर्यंत. आणि सव्विसावा अंक कुठलाही जोडून बघा, नियम मोडतो. पंचवीस अंकांची अशी ही एकच, आणि याहून लांब एकही नाही."

"ताई," मी म्हटलं, "ही संख्या स्वतःच सांगेल काय हरवलंय ते."

"संख्येची जबानी?" फौजदारांच्या भुवया वर गेल्या. "घे मग."

पट्टीवर असं होतं:

३६०८५२८८५०३६८४०७८६०३६७५२

मी एक्स-रेच्या पाकिटाच्या पाठीवर भागाकार मांडायला लागले. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरने एवढ्या लांब संख्येपुढे लगेच हात टेकले, म्हणून शाळेतल्यासारखं हातानेच. छत्तीसला दोनाने, जातो. तीनशे साठला तिनाने, जातो. छत्तीसशे आठला चाराने, जातो. भिंगरीने पेन ओढलं, दीरांनी तिला खिडकीशी नेऊन गाड्या दाखवल्या. सात, आठ, नऊ. दहावा अंक शून्य, मग दहाने जाणारच. अकरा, बारा, तेरा, चौदा. पंधरा अंकांपर्यंत संख्या एका पायावर चालल्यासारखी तोल सांभाळत आली.

आणि सोळाव्या जागेवर माझं पेन थांबलं.

"ताई, इथे सात आहे."

"मग?"

"सोळा अंकांच्या संख्येला सोळाने भाग जायला हवा. शेवटी सात असेल तर दोनानेसुद्धा जाणार नाही! या संख्येत प्रत्येक सम जागेवर सम अंकच असणार. सात इथला नाहीच."

फौजदार खुर्ची ओढून जवळ आल्या. "मग इथला कोण?"

"थांबा हं. सोळाचा भाग शेवटच्या चार अंकांवरून कळतो. आधीचे तीन आहेत आठ, चार, शून्य. त्यांच्यापुढे असा अंक हवा, की चार अंकी संख्येला सोळाने भाग जाईल." मी मांडलं. "आठ हजार चारशेला जातो, बरोबर पाचशे पंचवीस वेळा. त्यापुढची थेट आठ हजार चारशे सोळा. म्हणजे एकच अंक बसतो. शून्य."

सातच्या आधी शून्य घातलं. सात सरकून सतराव्या जागेवर गेला. सतराने भागलं. बाकी शून्य. पुढे विसाव्या जागेवर तीन होता, तिथे आता शून्य आलं, जे तिथे हवंच होतं. सगळे आपापल्या घरी गेल्यासारखे बसले. फक्त अगदी टोकाला पुन्हा अडलं. चोविसाव्या जागेवर पाच, पंचविसाव्या जागेवर दोन.

"उलटे आहेत," मी म्हणाले. "चोविसावा सम हवा आणि पंचविसाव्याला पाचाने भाग जायला हवा. आधी दोन, मग पाच."

"ते माझे," दीर खिडकीशी उभ्याउभ्याच म्हणाले. "माझ्या हाताला आधी पाच लागला असेल."

म्हणजे टोकाचा अंक हरवलेलाच नव्हता. टोकाचे दोघेही सापडले होते. हरवलं होतं ते पट्टीच्या मधलं शून्य.

५

"आता माझी पाळी," फौजदार म्हणाल्या आणि पट्टी डोळ्यांसमोर आडवी धरली. "खाच डावीकडून बंद. अंक निघतात ते फक्त उजवीकडून. मधलं हे शून्य काढायचं, तर आधी त्याच्या उजवीकडचे सगळे काढायला हवेत. किती आहेत?"

"नऊ."

"नऊ अंक काढायचे, शून्य उचलायचं आणि ते नऊ जसेच्या तसे परत लावायचे. आपल्या वादळाने दोन लावले, तेही उलटे!"

"ताई, किती वेळा..."

"अरे, तुझा गोंधळ हाच तुझा सुटकेचा पुरावा आहे. भिंगरीने नऊ काढले असते आणि तू लावले असतेस, तर इथे अंकांची खिचडी झाली असती. पण टोकाचे दोन सोडले तर एकही अंक जागचा हललेला नाही. म्हणजे शून्य आजच्या गोंधळात गेलंच नाही. ते आधीच गेलं होतं. आणि ज्याने नेलं, त्याला ही संख्या पाठ होती."

मी त्या शून्याच्या जागेवर बोट ठेवलं.

"आप्पा?" मी म्हणाले.

"दुसरं कोण? उघडं टोकही त्यांचंच. खुंटी काढून ठेवली, कारण शून्य परत घालायचं होतं."

माझ्या जिवात जीव येतोय न येतोय, तोच फौजदारांनी मान हलवली. "पण वहिनी, डॉक्टरीणबाईंना एवढं पुरणार नाही. आप्पांनी शून्य काढलं आणि ठेवलं कुठे? टेबलाच्या कडेला ठेवलं असेल आणि खाली पडलं असेल, तर हिला ते सापडू शकतं. शून्य आधी गेलं याचा अर्थ ते पोटात गेलं नाही, असा होत नाही."

खरं होतं. आणि खरं असल्यामुळे मला त्यांचा राग आला.

त्या रागातच मी पट्टी उजेडाकडे धरली. परवाच मी आप्पांना म्हटलं होतं, "हे बारके अंक, ही कुसळं... हिच्या हाताला लागलं तर?" आप्पा नुसतं "हं" म्हणाले होते. त्या "हं"चा अर्थ मी लावला होता की म्हाताऱ्याला संख्येपुढे नात दिसत नाही.

खाचेत, शून्य आणि सात यांच्या मधल्या चिरेत, काहीतरी अडकलं होतं. केसाएवढं. मी नखाने ओढून काढलं.

पिवळी लोकर.

मी भिंगरीच्या पायातल्या एकट्या पिवळ्या मोज्याकडे पाहिलं. मग मला सकाळचा दारातला भुसा आठवला. आप्पांच्या चपलांचा. आमच्या घरात लाकूड कोण कापतं? कोणीच नाही.

"ताई! काल संध्याकाळी आप्पा काही न सांगता बाहेर गेले होते ना, ते कुठे, ते मला कळलं!"

सुतारकाकांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला.

"मशीन चालू असेल, ऐकू येत नसेल," हेल्मेट घालत फौजदार म्हणाल्या. "मी निघाले."

त्या जिन्यावरून उतरल्या आणि समोरून नर्स ऑपरेशनचा हिरवा झबलाकोट घेऊन आली. अगदी बारका, भिंगरीच्या मापाचा.

६

झबलाकोटाच्या नाड्या बांधेपर्यंत मी दाराकडे शंभरदा पाहिलं असेल. भिंगरी आता रडायचीही थांबली होती. माझ्या खांद्यावर डोकं टेकून नुसती माझ्या गळ्याला चाटत होती, मिठासाठी की पाण्यासाठी कोण जाणे. दीर दोन्ही हात डोक्यामागे बांधून भिंतीशी उभे होते. डॉक्टरीणबाई आल्या, घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पाच मिनिटं," मी म्हणाले. "बाई, पाचच मिनिटं."

जिन्यावर आधी फौजदारांचा आवाज आला. "बाजूला व्हा, बाजूला व्हा, शून्य येतंय!"

मागोमाग सुतारकाका. अंगभर भुसा, कानावर पेन्सिल, हातात कागदाची पुडी. एवढ्या स्वच्छ जागेत पाय कुठे ठेवावा, हे न कळून ते दारातच थांबले.

"सुनबाई, हे घ्या. मास्तर काल देऊन गेले. मला वाटलं उद्या सकाळी दिलं तरी चालेल."

पुडीत शून्य होतं. काळंभोर, गुळगुळीत, आतून बाहेरून घासलेलं. आणि त्याच्याभोवती गुंडाळलेला भिंगरीचा पिवळा मोजा.

"हा मोजा कशाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते मास्तरांचं माप," सुतारकाका हसले. "सगळे अंक काढून त्यांनी एकेकावरून हा मोजा फिरवला म्हणे. कुठे धागा अडकतो का बघायला. चोवीस पास झाले, या एकाला आतून कुसळ होतं, तिथे अडकला. मला म्हणाले, 'या मोज्याचा एक धागासुद्धा ओढला जाणार नाही असं घास. घरात नात आहे. आणि तिच्या आईला जे दिसलं, ते मला आधी दिसायला हवं होतं.'"

शेवटचं वाक्य मी दोनदा ऐकलं, एकदा कानांनी आणि एकदा मनात.

डॉक्टरीणबाईंनी खात्री करायची म्हणून सगळे अंक टेबलावर काढायला लावले. मी पाकिटावर पाहून ते एकेक परत सरकवले, चार, शून्य, आणि मग नवं शून्य, मग सात. टोकाला आधी दोन, मग पाच. फट उरली नाही. पंचवीस.

त्यांनी भिंगरीची छाती पुन्हा एकदा ऐकली. "सर्दी," त्या म्हणाल्या. "साधी, घरगुती सर्दी. आज रात्री लक्ष ठेवा, श्वासाला त्रास वाटला तर लगेच या. दूध द्या तिला."

जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा कळलं. मी त्या हिरव्या झबलाकोटासकट लेकीला घेऊन जमिनीवरच बसले. भिंगरीने बाटली दोन्ही हातांनी धरली आणि असे घोट घेतले, की जिन्यापर्यंत आवाज गेला असेल.

"या संशयिताला सोडून देण्यात येत आहे," फौजदार म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं.

दीर भिंतीकडे तोंड करून उभे होते. सुतारकाका त्यांना म्हणत होते, "अहो, रडता काय, मिळालं ना शून्य."

७

आप्पा संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन आले. त्यांच्याबरोबर शिकवायला असलेले, आता पाठीत वाकलेले गृहस्थ. फौजदारांनी दारातच सगळी कथा सांगितली, माझ्या भागाकारांसकट. आप्पा ऐकता ऐकता खाली बसत गेले.

"मी सांगून जायला हवं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, घासून आणतो आणि गुपचूप लावतो. तुला काळजी नको."

"आप्पा, काळजी तुम्हालाही असते हे मला कळलं असतं, तर मला निम्मीच करावी लागली असती."

ते हसले. मग चष्मा पुसत, जसं काही हाच महत्त्वाचा प्रश्न आहे अशा आवाजात म्हणाले, "सतराचा भाग हाताने केलास?"

"हाताने. बाकी शून्य."

"वा!" एवढंच म्हणाले. पण मग उठून पाळण्याशी गेले, नातीकडे पाहिलं, खिशातून खुंटी काढली आणि पट्टीच्या उजव्या टोकाला घट्ट ठोकून बसवली. अंगठ्याने दाबून पाहिली. मग मला दिली, मी दाबून पाहिली. मग पट्टी नव्या खिळ्यावर गेली, आधीपेक्षा वीतभर उंच.

पाहुण्यांनी मान वर करून संख्या वाचली, ओठ हलवत, डावीकडून उजवीकडे.

"आणि याच्यापुढे?" त्यांनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक असणार, पण जुन्या मित्राला विचारायची सवय.

"पुढे काही नाही," आप्पा म्हणाले. "शून्यापासून नवापर्यंत कुठलाही जोडा, चालत नाही. इथे थांबायचं."

भिंगरी झोपली होती. दोन्ही पायांत पिवळे मोजे. मी नेहमीसारखं तिच्याकडे बघत पुढचं काहीतरी शोधू लागले. ताप येईल का, खोकला वाढेल का, पाळण्याची कडी सैल आहे का. तिच्या नाकाशी बोट धरलं. उबदार, सरळ श्वास. कडी ओढून पाहिली. घट्ट.

मग आणखी काही सुचेना, म्हणून मी आत जाऊन पाहुण्यांसाठी पाणी आणलं.